ऑटोने चेहरे नारिंगी का केले?

वाचकाचं पत्र: मी रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढतो आणि रॉ एडिटरमध्ये हातानेच करेक्शन करतो. वेळ वाचावा म्हणून एआयवर चालणारं एक ऑटो-करेक्शन सॉफ्टवेअर घेतलं. ते एडिटरमधून प्लग-इनसारखं उघडतं. सभागृहातल्या एका कार्यक्रमाचे ४२० फोटो त्यातून काढले. वक्त्यांचे चेहरे नारिंगी झाले, केसांच्या कडेने पांढरी रेघ दिसायला लागली आणि डिस्कवरची ६० जीबी जागा गेली. मग एडिटरचंच ऑटो वापरून पाहिलं, तर एकाच वक्त्याच्या लागोपाठच्या तीन फ्रेमना एक्स्पोजर +०.४०, +१.१५ आणि +०.७० आलं. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. आधी एआय की आधी रॉ एडिटर? आणि एआय हाताशी असताना एडिटर शिकत बसण्यात अर्थ आहे का?

उत्तर: तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. ‘रंग बिघडले’ एवढंच लिहिलं असतंत तर आम्हाला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागलं असतं. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन एकाच कारणाने आल्या आहेत: एकच काम दोन सॉफ्टवेअर आपापल्या परीने करताहेत. चौथीचं, म्हणजे फ्रेम न जुळण्याचं, कारण वेगळं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘एआय ऑटो’ या नावाखाली तीन जातींची सॉफ्टवेअर विकली जातात. पहिली जात फोटोला हातच लावत नाही, फक्त स्लायडरचे आकडे सुचवते. रॉ एडिटरमधलं ऑटोचं बटण या जातीचं. लाइटरूम या अ‍ॅडोबीच्या रॉ एडिटरमधलं हे बटण डिसेंबर २०१७ पासून मशीन लर्निंगवर चालतं. इमेजेन किंवा आफ्टरशूट यांसारखी सॉफ्टवेअर तुमच्या जुन्या कॅटलॉगवरून (एडिट केलेल्या फोटोंच्या नोंदींवरून) तुमची आवड शिकतात आणि तसेच आकडे भरून देतात. रॉ फाइल जशीच्या तशी राहते, प्रत्येक स्लायडर तुम्ही परत ओढू शकता. दुसरी जात रॉमधला नॉइज (फोटोतले दाणे) काढते आणि नवी डीएनजी फाइल (रॉचाच एक प्रकार) बनवून देते. डीएक्सओ प्युअररॉ हे त्यातलं माहितीचं नाव. तिसऱ्या जातीला तयार चित्र लागतं. ती टिफ किंवा जेपेग घेते, पिक्सेल बदलते आणि बदललेलं चित्र परत देते. तुमचं प्लग-इन या तिसऱ्या जातीचं आहे आणि तुम्ही त्याला पहिल्या जातीच्या कामाला जुंपलंत.

आता नारिंगी चेहरे. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, ही नुसती एक नोंद असते. ३००० केल्विन ठेवा की ५५०० ठेवा, सेन्सरने टिपलेला डेटा तोच राहतो. प्लग-इनकडे पाठवताना एडिटर टिफ बनवतो आणि तिथे व्हाइट बॅलन्स पक्का होतो. लाइटरूममध्ये ही टिफ परत उघडून पाहा: टेंपरेचरच्या स्लायडरवर केल्विनचे आकडे दिसणार नाहीत, -१०० ते +१०० अशी पट्टी दिसेल. सभागृहातल्या पिवळ्या दिव्यांचा रंग तुम्ही रॉमध्ये सुधारला नसेल, तर तो टिफमध्ये मुरला. त्यावर प्लग-इनने कॉन्ट्रास्ट आणि उजेड वाढवला.

एकच पिक्सेल घेऊ. वक्त्याच्या कपाळावरचा उजळ ठिपका: लाल २१५, हिरवा १५०, निळा ११५. प्लग-इनने समजा हे तिन्ही आकडे १.३ पट केले. हिरवा १९५ झाला, निळा १५० झाला. लाल २८० व्हायला हवा होता, पण २५५ च्या वर जागाच नाही, म्हणून तो तिथेच अडकला. लाल थांबला आणि हिरवा पुढे सरकत राहिला की त्वचेची छटा पिवळ्याकडे ढळते. त्यात व्हायब्रन्सची (फिके रंग ठळक करणाऱ्या स्लायडरची) भर पडली की तुम्हाला दिसतो तो नारिंगी रंग तयार होतो. पडताळायचं असेल तर माउस कपाळाच्या उजळ भागावर न्या आणि हिस्टोग्रामखालचे (उजेडाच्या आलेखाखालचे) आकडे वाचा. लाइटरूममध्ये ते टक्क्यांत असतात. बिघडलेल्या टिफमध्ये लाल ९९-१०० टक्क्यांवर चिकटलेला आणि मूळ रॉमध्ये त्याच जागी तो ९० च्या खाली दिसला, तर निदान पक्कं.

उपाय असा. व्हाइट बॅलन्स नेहमी रॉमध्येच करा आणि प्लग-इनमधला रंगाचा आपोआप समतोल बंद करा. ड्रॉपरने करड्या किंवा पांढऱ्या वस्तूवर क्लिक करा: कागद, पोडियमवरचं पांढरं कापड, करडा कोट. स्पॉटलाइट पडून पूर्ण पांढरी झालेली जागा घेऊ नका, तिथे तिन्ही रंग कापले गेलेले असतात आणि ड्रॉपरला वाचायला काही उरत नाही. आलेला आकडा थोडा थंड वाटला तर २००-३०० केल्विन वाढवा. सभागृहातला उजेड जरा ऊबदार दिसला तरच खरा वाटतो.

दुसरं म्हणजे प्लग-इनकडे जाणारी टिफ फिकी आणि सपाट असू द्या. कॅमेरा प्रोफाइल न्यूट्रल किंवा स्टँडर्ड, व्हिव्हिड तर नकोच. कॉन्ट्रास्ट, क्लॅरिटी, व्हायब्रन्स शून्यावर. चेहऱ्याचा सर्वांत उजळ भाग ८५ टक्क्यांच्या आसपास थांबेल इतपत एक्स्पोजर. पडद्यावर हे चित्र मरगळलेलं दिसेल, पण प्लग-इनला उजळायला जागा तिथेच मिळते. आपण आधी सजवलेलं चित्र त्याला दिलं की ते सजावटीवर सजावट करतं.

तिसरं, त्याचा जोर निम्म्यावर आणा. बहुतेक प्लग-इनमध्ये ओपॅसिटी किंवा स्ट्रेंग्थ नावाचा स्लायडर असतो. चेहऱ्यांसाठी ४० ते ६० टक्के पुरे. तो नसेल तर फोटोशॉपमध्ये मूळ टिफ खाली आणि प्लग-इनचं चित्र वर असे दोन लेयर ठेवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा. प्लग-इनने केलेला उजेड-अंधाराचा बदल येतो, रंग मात्र खालच्या, तुमच्या लेयरचे राहतात. नारिंगी चेहऱ्यांवर हा एवढा एक उपाय केलात तरी बराचसा त्रास जाईल.

केसांच्या कडेची पांढरी रेघ म्हणजे दुहेरी शार्पनिंग. लाइटरूम प्रत्येक रॉला न विचारता शार्पनिंग लावतं: अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५. टिफ बनताना ते चित्रात उतरतं. मग प्लग-इन आपलं ‘डिटेल’ किंवा ‘स्ट्रक्चर’ वर चढवतं. शार्पनिंग म्हणजे कडेची उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद करणं. ते दोनदा झालं की उजळ बाजूची रेघ डोळ्याला दिसण्याइतकी रुंद होते. काळ्या पडद्यासमोरचे केस, चष्म्याची काडी, माइकची दांडी इथे ती आधी उमटते. प्लग-इनकडे पाठवण्याआधी अमाउंट शून्य करा. नॉइज काढून आलेल्या डीएनजीतही शार्पनिंग आधीच झालेलं असू शकतं, म्हणून तिथेही १०० टक्के झूम करून बघा आणि एडिटरचा स्लायडर गरजेनुसार खाली आणा. लेन्स करेक्शनचंही तसंच. एकाने बॅरल डिस्टॉर्शन (सरळ रेषांचा बाहेरच्या बाजूचा फुगवटा) काढलं आणि दुसऱ्यानेही काढलं, तर सरळ खांब आतल्या बाजूला वाकतात. ते एकाकडेच सोपवा.

आता ती तीन फ्रेमची भानगड. ऑटो प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे बघतं, शेजारची फ्रेम त्याला माहीतच नसते. पहिल्या फ्रेममध्ये वक्ता जवळून दिसत असेल, पांढऱ्या शर्टाने चित्र भरलं असेल, म्हणून +०.४० पुरलं. दुसरीत तुम्ही झूम मागे घेतला, तीन चतुर्थांश चित्र काळ्या पडद्याने व्यापलं, ऑटोला वाटलं फोटो अंधारा आहे, आणि त्याने +१.१५ केलं. तिसरी मधली. दिवे तेच, वक्ता तोच, कॅमेऱ्यावरचं सेटिंगही बहुधा तेच. बदललं ते फक्त चित्रातलं काळ्या भागाचं प्रमाण.

म्हणून ऑटो एका फ्रेमवरच चालवा. एका उजेडातले फोटो एकत्र निवडा. त्यातली मध्यम अंतराची, चेहरा नीट दिसणारी फ्रेम घ्या, तिचा व्हाइट बॅलन्स बसवा, मग ऑटो दाबा. लाइटरूम क्लासिकमध्ये कंट्रोल-यू. आलेले आकडे हाताने सुधारा आणि सिंक करून बाकीच्या फ्रेमना तेच आकडे द्या. इथे एक सापळा आहे. प्रीसेट (पुन्हा वापरायला साठवलेले आकडे) बनवताना ‘ऑटो सेटिंग्ज’ची खूण चालू राहिली, तर प्रीसेट तुमचे आकडे लावत नाही, प्रत्येक फोटोचा हिशोब नव्याने करतो, आणि तुम्ही परत तिथेच. ती खूण काढा.

फ्रेमगणिक शटर किंवा आयएसओ बदललं असेल तर नुसतं सिंक पुरत नाही. तेव्हा सुधारलेली फ्रेम मुख्य निवड म्हणून ठेवा, बाकीच्या सोबत निवडा आणि सेटिंग्ज मेनूतला ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ वापरा. तो शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओतला फरक धरून प्रत्येकाचं एक्स्पोजर जुळवतो. मंचावरचे दिवे बदलले की नवा गट, नवी मुख्य फ्रेम. ४२० फोटोंच्या कार्यक्रमात असे आठ-दहा गट निघतील, म्हणजे ऑटो आठ-दहा वेळाच दाबायचं.

ऑटोचा कुठला आकडा ठेवायचा आणि कुठला नाही? आमचं मत सरळ आहे. एक्स्पोजरचा अंदाज घ्या, तो बहुतेक वेळा कामाचा असतो. हायलाइट्स (उजळ भाग) आणि शॅडोजचे (गडद भागांचे) आकडे निम्मे करा. ऑटोला अंधारात लपलेलं सगळं बाहेर काढायची हौस असते. हायलाइट्स -७०, शॅडोज +६० असं काही केलं की मंचाचा खोलपणा जातो, पडद्याच्या चुण्या दिसायला लागतात आणि काळ्या भागातला नॉइज वर येतो. व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशन माणसांच्या फोटोत शून्यावर आणा. सगळं ऑटो नको असेल तर लाइटरूममध्ये शिफ्ट दाबून एखाद्या स्लायडरच्या नावावर डबल-क्लिक करा, तेवढ्याच स्लायडरला ऑटो लागतं. व्हाइट्स आणि ब्लॅक्ससाठी आम्ही हीच पद्धत सुचवू.

आणि काही फोटोंना ऑटो लावूच नका. धुकं, बर्फ, रात्रीचं आकाश, प्रकाशासमोरची काळी आकृती, मुद्दाम अंधारा ठेवलेला चेहरा. ऑटो सर्वसाधारण फोटो पाहून शिकलेलं असतं, त्यामुळे वेगळ्या फोटोला ते सर्वसाधारण करायला बघतं. संध्याकाळच्या सोनेरी उन्हावर ऑटो व्हाइट बॅलन्स लावून बघा, ऊन दुपारचं होतं.

६० जीबीचा हिशोब बरोबर जुळतो. ६००० गुणिले ४००० म्हणजे २.४ कोटी पिक्सेल. १६ बिट टिफमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे सहा बाइट. एक फाइल १४४ एमबी, ४२० फाइल ६०.४८ जीबी. रॉ लहान असते, कारण सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलपाशी एकाच रंगाचा आकडा नोंदलेला असतो आणि तोही १२ किंवा १४ बिटचा. उरलेले दोन रंग एडिटर शेजारच्या पिक्सेलवरून काढतो. नॉइज काढलेल्या डीएनजीमध्येही तिन्ही रंग भरलेले असतात, त्यामुळे तीही मूळ रॉपेक्षा बरीच मोठी होते. जागा वाचवायला ८ बिट टिफ किंवा जेपेग पाठवू नका. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. प्लग-इनने उजेड ताणला की ८ बिटच्या पायऱ्या पार्श्वभूमीवर पट्ट्यांसारख्या दिसतात. प्रोफोटो ही फार मोठी कलर स्पेस (रंगांची व्याप्ती) आणि ८ बिट ही जोडी तर सर्वांत वाईट. जागा वाचवायची ती फोटो कमी पाठवून. आधी निवड करा, ४२० मधले ज्यांना खरोखर वेगळी मेहनत हवी असे ३०-४० तिसऱ्या जातीच्या सॉफ्टवेअरकडे द्या, बाकीचे रॉ एडिटरमध्येच आटपतात.

म्हणजे ‘आधी कोण’ याचं उत्तर: दोन्ही टोकांना एआय, मधे एडिटर. फोटो निवडून झाले की नॉइज सर्वांत आधी, थेट रॉवर. नंतर टिफवर काढला तर तोवर शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्टने नॉइजचे दाणे टणक झालेले असतात, सॉफ्टवेअरला ते आणि केसांचा पोत यात फरक करता येत नाही. नॉइज सरसकट सगळ्यांचा काढू नका. आयएसओ ३२०० च्या पुढच्या फ्रेम घ्या आणि तुमचा कॅमेरा कुठे डगमगतो ते दोन-तीन फ्रेमवर पाहून हा आकडा हलवा. नॉइज काढण्याचा जोर ५० असेल तर चेहऱ्यांसाठी ३०-३५ वर आणा. जास्त केलंत तर त्वचा मेणाची दिसते आणि मागच्या फलकावरची बारीक अक्षरं भलत्याच आकारांत जुळतात. त्यानंतर एडिटरमध्ये प्रोफाइल, लेन्स, व्हाइट बॅलन्स, मग एका फ्रेमवर ऑटो, सिंक, मास्क (चित्राच्या ठरावीक भागापुरते बदल). मग निवडक फोटो प्लग-इनकडे. क्रॉप, आकार कमी करणं, शेवटचं शार्पनिंग आणि एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये) एक्स्पोर्ट सगळ्यात शेवटी.

प्लग-इनमध्ये थेट रॉ उघडायचा मोह होईल, कारण बरीच सॉफ्टवेअर रॉ घेतात. तसं केलंत तर तुमचे एडिटरमधले बदल त्याला दिसत नाहीत. ते स्वतःच्या पद्धतीने रॉ उलगडतं आणि रंग पहिल्यापासूनच वेगळे येतात. एडिटरमधून पाठवताना ‘एडिटरच्या बदलांसह प्रत’ हा पर्याय निवडा.

एडिटर दोन असतील तर साइडकार फाइलकडे (रॉशेजारी बदल साठवणाऱ्या फाइलकडे) लक्ष ठेवा. अ‍ॅडोबीचे स्लायडर एक्सएमपीत लिहिले जातात, रॉथेरपीचे पीपी३मध्ये, डीएक्सओ फोटोलॅबचे डीओपीमध्ये. एकाची भाषा दुसऱ्याला समजत नाही. डार्कटेबलही एक्सएमपीच वापरतं, पण नावात रॉचं एक्स्टेन्शन जोडून, त्यामुळे फाइल दोन दिसतात आणि दोन्ही लागतात. एकीला जास्तीची समजून उडवू नका. पहिल्या जातीचं सॉफ्टवेअर एक्सएमपीत आकडे लिहून देत असेल, तर लाइटरूम विचारतं की डिस्कवरची माहिती घेऊ की कॅटलॉगमधली तिच्यावर लिहू. चुकीचं बटण दाबलंत तर एका बाजूचं काम गेलं. म्हणून आधी स्नॅपशॉट (त्या वेळच्या आकड्यांची नोंद) घ्या. डीएनजी वापरत असाल तर हे बदल फाइलच्या आत लिहिले जाऊ शकतात. तसं झालं की एक स्लायडर हलवला तरी बॅकअपला संपूर्ण फाइल पुन्हा कॉपी करावी लागते.

एडिटर शिकण्यात अर्थ आहे का? वरचं वाचून तुम्हीच ताडलं असेल. ऑटोचा +१.१५ चुकीचा आहे हे ओळखायला हिस्टोग्राम वाचता यावा लागतो. जुन्या कामावरून शिकणारं सॉफ्टवेअर घेणार असाल तर आणखीच, कारण ते तुमच्या चुकाही शिकतं. पडदा फार उजळ ठेवून तुम्ही वर्षभर फोटो गडद करत आला असाल, तर तेही गडदच करेल. पडद्याची उजळता ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर, पांढरा रंग डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा मानक पांढरा), असं कॅलिब्रेशन आधी करून घ्या.

फोटो स्पर्धेला पाठवणार असाल तर आकाश बदलणं, अस्पष्ट चेहरा ‘पुन्हा घडवणं’ असली बटणं बंदच ठेवा. त्यात मूळ फोटोत नसलेले पिक्सेल बनवले जातात. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पुढच्या फेऱ्यांत गेलेल्यांकडून मूळ रॉ मागितली जाते, आणि तिथे हा फरक लपत नाही.

राहिले ते ४२० फोटो. रॉ फाइलना काहीही झालेलं नाही, त्यामुळे काम नव्याने करता येईल. आधी टिफ वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, एकदम उडवू नका. रॉ फाइल मोजा, ४२० भरल्या पाहिजेत, आणि पाच-सहा उघडून बघा. एकाच वक्त्याचे दहा फोटो घेऊन वरच्या क्रमाने करून पाहा, चेहऱ्यावरचा लाल ९५ च्या खाली राहतो का ते तपासा. जमलं तर बाकीचे गट करा. टिफपैकी जे आधीच कुणाला दिले असतील तेवढे ठेवा. बाकीच्या उडवल्यावर कॅटलॉगमधूनही त्यांच्या नोंदी काढा, नाहीतर जागोजागी हरवलेल्या फाइलची उद्गारचिन्हं दिसत राहतील.